वडील आत्महत्येने गेले. वर्षभरानंतर त्यांच्या नावाने पाच किलोमीटरची निधी-धाव ठेवायची आहे, साधारण २०० जण येतील. काय काय सांभाळावं?

मार्ग ठरवण्याआधी घरात बसून बोला. अनेक घरांत शेजारपाजारी 'हार्ट अटॅक' सांगितलेलं असतं. आई, आजी, काका यांना पत्रिकेवर 'आत्महत्या' हा शब्द चालणार आहे का, हे प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. एकाचा जरी नकार असला तर 'बाबांच्या स्मरणार्थ, मानसिक आरोग्यासाठी' एवढं पुरतं. छापून झाल्यावर घरातलं माणूस दुखावलं, तर ते भरून काढणं फार अवघड.

तारीख वर्षश्राद्धाची धरू नका. त्या दिवशी घर विधींत आणि पाहुण्यांत असतं, आणि तुमच्यात धावण्याचं बळ उरेलच असं नाही. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन ओढ लावतो, पण त्या सुमारास पाऊस असतो आणि अनेकदा पोलीस गणपतीच्या बंदोबस्तात असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा रविवार, सकाळी साडेसहा, हे बरं.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून देणगी गोळा करायला महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. सोपा मार्ग म्हणजे आधी संस्था निवडायची (पुण्याची कनेक्टिंग किंवा ठाण्याची आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, अशा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्था आहेत), त्यांचं लेखी संमतीपत्र घ्यायचं आणि देणगी थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्यायची. करसवलतीची, म्हणजे ८० जीची, पावतीही मग तेच देतील. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर कुणालाच नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. टी-शर्ट, पाणी, रुग्णवाहिका यांचा खर्च नोंदणी शुल्कातून वेगळा काढा. देणगीतून टी-शर्ट निघाले की हिशेबावर प्रश्न येतात, आणि ते रास्तच असतात.

वाहतूक पोलीस, स्थानिक ठाणं आणि पालिका यांच्याकडे दीड-दोन महिने आधी अर्ज द्या. बाग, तलाव किंवा कॉलेजचं मैदान यांच्या भोवती फेऱ्या घेतल्या तर रस्ता अडवावा लागत नाही. पाण्याचा हिशेब असा: मध्यावर माणशी १५० मिली, शेवटी ४०० मिली, म्हणजे ११० लिटर. वीस लिटरचे सहा जार पुरतात, पण आठ आणा.

खरी काळजी लागते ती शेवटच्या रेषेनंतरच्या तासाची. धावून दमलेलं माणूस मोकळं होतं, आणि अशा धावेला येणाऱ्या अनेकांच्या घरातही हेच घडलेलं असतं. म्हणून माइक खुला ठेवू नका. कुणीतरी भावनेच्या भरात कसं केलं, कुठे केलं हे बोलून जातं, आणि तेवढं ऐकणं आधीच डळमळलेल्या माणसाला धोक्याचं ठरू शकतं. बोलणारे दोन-तीनच, आधी ठरलेले. साधन, जागा, चिठ्ठी यांचा उल्लेख नाही. 'कर्जामुळे गेले' असं एकच कारणही नको, कारण ते एकच कधी नसतं. 'अखेर सुटले' हे शब्द तर चुकूनही नकोत.

गर्दीपासून थोडं बाजूला, झाडाखाली चार खुर्च्या, पाण्याची बाटली, रुमालांचा डबा आणि दोन प्रशिक्षित समुपदेशक बसवा. तिथे ध्वनिक्षेपकाचा आवाज पोहोचता कामा नये. फलक लहान असावा, 'इथे बोलायला कुणीतरी आहे' एवढाच. छातीवरच्या क्रमांकाखाली 'मी धावतोय/धावतेय ______ साठी' अशी ओळ छापा, पण रिकामी ठेवायची मुभा द्या. बऱ्याच जणांना नाव लिहायचं नसतं. क्रमांकाच्या मागच्या बाजूला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या दिवशी पाणी, नोंदणी, पाहुणे हे सगळं मित्रांवर सोपवा. सोमवारी रजा टाका, आणि आईजवळ कुणीतरी असेल असं पाहा.