पहिलीतल्या मुलांना गोष्टीचे घटक कसे शिकवावेत?

तुम्ही लिहिलंय की वर्गात पात्र, स्थळ, समस्या, शेवट असा तक्ता लावला, मुलांनी व्याख्या घडाघडा पाठ केल्या, पण नवी गोष्ट सांगून "यात अडचण कुणाची होती?" असं विचारलं की सगळी गप्प. मी नाशकात पंचवटीच्या बाजूला पहिली-दुसरीला शिकवते, १७ वर्षं झाली. सुरुवातीला माझ्याही वर्गात अगदी हेच व्हायचं. "पात्र म्हणजे काय?" विचारलं की उत्तर तयार, आणि "मग या गोष्टीत पात्रं कोण?" म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की तो तक्ता महिनाभर तरी उतरवून ठेवा.

या वयाच्या मुलाला घटक नावावरून कळत नाही. गोष्टीतली एक बाब बदलली आणि तिच्यामागोमाग सगळी गोष्ट हलली, की कळतो. माझं सगळं शिकवणं आता एवढ्यावर चालतं.

मी सगळ्यात आधी चिऊ-काऊची गोष्ट घेते, कारण ती घरोघरी सांगितलेली असते. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, "चिऊताई चिऊताई दार उघड". सांगून झाली की विचारते, "पाऊस पडलाच नसता तर?" मुलं जरा थांबतात. मग कुणीतरी म्हणतं, "कावळा घरीच बसला असता." "आणि गोष्ट?" "मग गोष्टच नाही!" इथे त्यांना अडचण म्हणजे काय ते कळलेलं असतं, शब्द अजून दिलेला नसला तरी.

एका वर्षी मी पुढे गेले. म्हटलं, "आता समजा ही गोष्ट मे महिन्यात घडली." नाशिकचा मे मुलांना ठाऊक असतो, दुपारी वर्गातला पंखासुद्धा गरम वारा फेकतो. भिंतीकडेला बसणारी एक मुलगी होती, जूनपासून माझ्याशी मोजून चार वाक्यं बोललेली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मग चिमणीचं घर वितळंल." आणि मग वर्ग आवरेना. चिमणी कावळ्याकडे जाईल. कावळा म्हणेल, थांब, माझ्या बाळाला तीट लावतो. एकाने सांगितलं की शेणाने सारवलेलं घर उन्हाळ्यात गार असतं, त्यांच्या गावाला आहे. स्थळ आणि काळ यांनी गोष्ट कशी फिरते हे मी तोवर वर्षानुवर्षं समजावून सांगत होते, आणि इथे सहा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात करून दाखवलं. त्या दिवसापासून हा "मे महिन्याचा" प्रश्न मी सोडलेला नाही.

याच गोष्टीत शेवट शिकवायलाही मोठी जागा आहे. मुलांना घरून आजीला विचारून यायला सांगा, "कावळ्याचं पुढे काय झालं?" उत्तरं वेगवेगळी येतात. कुणाच्या घरी कावळा दाराशीच भिजत राहतो, कुणाकडे चिमणी त्याला आत घेऊन चुलीपाशी बसवते, कुणाकडे तो तिथे भाजतो. मग विचारा, "या शेवटाची चिमणी कशी वाटते? आणि त्या शेवटाची?" पात्राचा स्वभाव त्याच्या वागण्यावरून ठरतो हे यातून जसं उमगतं तसं "चिमणी हुशार होती" या वाक्याला अधोरेखित करून उमगत नाही. मुलांना "गोष्ट संपली" आणि "अडचण सुटली" हे एकच वाटत असतं. दाराबाहेर भिजणारा कावळा त्यांना तो फरक दाखवतो.

पात्रांबद्दल एक महत्त्वाचं. मुलांचं वय बघा. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगताना मी वर्गात खराखुरा लाल भोपळा घेऊन जाते. आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात, आणि "भोपळा" म्हटलं की बऱ्याच मुलांच्या डोळ्यांपुढे दुधी येतो. दुध्यात म्हातारी मावणार कशी, या विचारात ती अडकतात आणि पुढची गोष्ट ऐकतच नाहीत. डांगर मांडीवर ठेवलं की हा प्रश्न मिटतो. मग विचारायचं, "आत कोण आहे हे वाघाला माहीत आहे का?" पहिलीतली बहुतेक मुलं "नाही" म्हणतात आणि खुदकन हसतात. पण त्यांची तीन वर्षांची भावंडं कधी वर्गात येऊन बसली तर हटकून "हो" म्हणतात. त्यांना स्वतःला माहीत असतं ना, मग वाघालाही माहीत असणारच! १९८३ साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना चॉकलेटची गोष्ट सांगून हेच तपासलं होतं. मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसरीकडे ठेवते, परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे चॉकलेट आता जिथे आहे तीच जागा दाखवतात. चार-पाचच्या पुढे मुलं गोष्टीतल्या मुलाला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा विचार करू लागतात. म्हणून बालवाडीत पात्राच्या मनात काय चाललंय हे खोदून विचारू नका. तिथे आवाज, चाल, नकला पुरेत. पहिलीत मात्र जरूर विचारा, कारण गोष्टीतली अर्धी गंमत वाघाला माहीत नसण्यातच आहे.

आता आणखी एक अडणारा मुद्दा. मुलं गोष्ट सांगतात ती "मग... मग... मग..." अशी, सगळ्या घटना एकाच पातळीवर. चढ कुठे, उतार कुठे, पत्ता नाही. यावरचा उपाय मला गंगेवर मिळाला. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती हे आम्ही त्याच्या अंगावर मोजतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, गळ्याशी आलं. क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण घरी फोनवर विचारतात ते मारुतीचंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या मोठ्या पुरानंतर शाळा उघडली तेव्हा पोरं आपसात हीच गोष्ट सांगत होती, आणि विशेष म्हणजे कुणीही "मग मग" करत नव्हतं. प्रत्येक जण पाणी चढवत चढवत नेत होता.

तेव्हापासून गोष्ट सांगताना मुलांना उभं करते. प्रत्येकजण दुतोंड्या मारुती. मी गोष्ट सांगत जाते आणि मध्येच थांबते, "पाणी कुठवर आलं?" म्हातारी घरातून निघाली, हात घोट्याला. वाट जंगलात शिरली, गुडघ्याला. वाघ समोर आला, सगळ्यांचे हात छातीवर. "आधी लेकीकडे जाऊन येते, जाडजूड होते, मग खा," असं म्हातारी म्हणाली की काही हात खाली जातात, काही तिथेच राहतात. इथे थांबा, घाई करू नका. "तुझा हात खाली का गेला? तुझा का नाही?" माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "बाई, वाघ तर अजून आहेच ना." अडचण टळणं आणि सुटणं यातला फरक त्याने ओळखला होता. परतीच्या वाटेवर वाघ डांगराला अडवतो तेव्हा हात गळ्याशी, काहींचे थेट डोक्यावर.

तुम्ही नाशिकच्या नसाल तर तुमच्या गावच्या नदीवरची पायरी घ्या, विहिरीतली खूण घ्या. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं माप हवं.

चित्रं क्रमाने लावणं वगैरे तुम्ही करतच असाल, ते चांगलंच आहे. फक्त एक चित्र मुद्दाम काढून ठेवत जा आणि काय राहिलं ते शोधू द्या. १९७७ मध्ये मँडलर आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी गोष्टीला स्वतःचं व्याकरण, म्हणजे ठरलेली रचना, असतं असं मांडलं होतं. बोलीचं व्याकरण जसं मूल न शिकवता उचलतं, तसंच हेही ऐकून ऐकून अंगात येतं. त्यामुळे ज्या मुलाने घरी गोष्टी ऐकलेल्याच नाहीत त्याच्यासाठी पहिला महिना नुसतं सांगण्यात गेला तरी जाऊ द्या.

शब्द कधी द्यायचे? मी साधारण दिवाळीनंतर देते, आणि तेही त्यांच्याच तोंडचे: कोण, कुठे, कधी, अडचण, सुटली का. निपुण भारतची (मुलांना लिहिता-वाचता आणि आकडेमोड करता यावी यासाठीच्या सरकारी मोहिमेची) तपासणी असते, तिसरीअखेर समजून वाचता आलं पाहिजे हे उद्दिष्ट आहे, त्यामुळे "पात्र" आणि "स्थळ" हे शब्दही लागतातच. पण हात गळ्याशी नेलेल्या मुलाला ते एका तासात येतात, मी दरवर्षी बघते.

आणि भाषेवर अडू नका, ही विनंती. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं बागांच्या कामाला येतात, मालेगाव-बागलाणकडची मुलं घरी अहिराणी बोलतात. गोष्ट घरच्या बोलीत सांगू द्या. अशाच एका मुलाने म्हातारीची सगळी गोष्ट अहिराणीत सांगितली होती. निम्म्या वर्गाला शब्द कळले नाहीत, पण वाघ आला तेव्हा सगळ्यांचे हात बरोबर छातीवर गेले.

सोमवारी डांगर घेऊन जा. मोठं बघून घ्या. गोष्ट झाली की मुलांना ते उचलून बघायचं असतं, त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा.