अर्विट यांचा विनोद आणि तुमचे हर्णैचे मांजर

अमेरिकन छायाचित्रकार एलियट अर्विट यांची छायाचित्रे पाहून ‘यात कुत्र्यांखेरीज आहे काय, आणि हा सगळा योगायोगच नव्हे काय’ असे तुम्ही विचारले आहे. सोबत हर्णै बंदरावरच्या लिलावात सुरमईवर डोळा ठेवून बसलेल्या मांजराचे आपले छायाचित्र देऊन त्याला कोणी हसत का नाही, अशी तक्रारही केली आहे.

त्यांचे न्यूयॉर्कमधले १९७४ सालचे प्रसिद्ध छायाचित्र पुन्हा एकदा उघडून बघा. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला आहे. विणलेली टोपी घातलेले टीचभर चिवावा कुत्रे, उंच बूट घातलेले बाईचे पाय आणि आणखी दोन लांब पाय, एवढाच ऐवज आहे. ते पाय कुणा दुसऱ्या माणसाचे असावेत असे धरून नजर पुढे सरकते आणि ते ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्याचे पुढचे पाय आहेत हे लक्षात येताच माघारी वळते. सगळी गंमत या माघारी वळण्यात आहे. बाईचा चेहरा आणि थोरल्या कुत्र्याचे धड चौकटीत आले असते, तर दोन कुत्री फिरवणाऱ्या बाईचे एक साधे चित्र उरले असते. हे छायाचित्र बुटांच्या जाहिरातीच्या कामातले आहे. शिवाय कुत्र्यांनी काही हालचाल करावी म्हणून अर्विट त्यांच्यावर स्वतःच भुंकत आणि भोंगाही वाजवत. एवढे करून साधलेल्या क्षणाला योगायोग म्हणायचे असेल, तर म्हणा बापडे!

त्यांचा साधेपणा बहुतेक वेळा दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बाजूला होण्यात असतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात १९९५ साली काढलेल्या छायाचित्रात स्पॅनिश चित्रकार गोयाची दोन चित्रे आहेत. विवस्त्र स्त्रीच्या चित्रापुढे पुरुषांचा घोळका आहे आणि तिच्याच सवस्त्र चित्रापुढे एकटी बाई उभी आहे. यावर भाष्य करण्याची गरज नाही आणि त्यांनी ते केलेलेही नाही. त्यांच्या छायाचित्रांखाली बहुधा ठिकाण आणि साल एवढेच असते. दोन गोष्टी शेजारी ठेवण्याची हीच रीत त्यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात वापरली होती. तिथे गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी पाणी पिण्याची वेगवेगळी सोय शेजारीशेजारी दिसते आणि हलक्या प्रतीच्या कुंडावर एक कृष्णवर्णीय माणूस वाकलेला आहे. तिथे हसू येत नाही. परंतु पाहण्याची पद्धत तीच आहे, आणि ‘अर्विट म्हणजे कुत्री’ म्हणणाऱ्यांनी हे छायाचित्र आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर टवाळीला तोटा नाही, त्यामुळे भाव करताना तोंड वासलेली मासेवाली टिपली की विनोदी छायाचित्र झाले, असा अनेकांचा समज असतो. त्यात हसे होते ते त्या बाईचे. अर्विट यांच्या उत्तम छायाचित्रांत सहसा कोणाची फजिती केलेली नसते. टोपी घातलेले ते चिवावा तर इतक्या गंभीरपणे कॅमेऱ्याकडे पाहते की, आपणच जरा ओशाळतो.

आता तुमच्या मांजराकडे येतो. तुमचा क्षण चांगला आहे, परंतु तुम्ही उभे राहून वरून टिपल्यामुळे चौकटीत मांजर, सुरमई, माशांच्या पाट्या, बर्फाचा ढीग, लिलाव पुकारणारा, मागच्या होड्यांच्या काठ्या आणि वर अर्धा सूर्यास्त असे सगळेच आले आहे. सूर्यास्त आधी काढा. कोकणात तो रोज फुकट मिळतो, म्हणून प्रत्येक छायाचित्रात घालावा असे नाही. त्यानंतर उरलेल्या चित्रात एक गोष्ट तुमच्याही नजरेतून निसटलेली दिसते: मांजर जसे मान पुढे काढून बसले आहे, अगदी तशीच मान पुढे काढून त्याच्या मागचे गिऱ्हाईकही उकिडवे बसले आहे. दोघांचेही डोळे एकाच सुरमईवर आहेत. मांजराच्या उंचीवर बसून मांजर, गिऱ्हाईक आणि सुरमईची शेपटी एवढेच घेतले असते, तर ‘खरा गिऱ्हाईक कोण?’ हा मथळा तुम्हाला लिहावाच लागला नसता. मूळ फाइल मोठी असेल, तर हे थोडेफार कातरून साधेल, पण उंचीचा कोन कातरून बदलत नाही. तेव्हा बंदरावर पुन्हा जा आणि १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होण्याआधी जा, कारण त्यानंतर ३१ जुलैपर्यंत मांजर भेटेल, पण सुरमईचा लिलाव भेटणे कठीण.