मलावीत मिशनरी म्हणून राहणाऱ्या स्त्रीचा दिवस कसा असतो?

लग्नानंतर पतीबरोबर आफ्रिकेत मिशन सेवेसाठी जाण्याचा विचार आपण करत आहात. तिथे स्त्री-मिशनरीचा रोजचा दिवस कसा जातो, ‘स्त्रियांमधले काम’ म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते आणि जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, असे आपण विचारले आहे. आफ्रिका हा 54 देशांचा खंड असल्यामुळे मी फक्त मलावीविषयी, आणि त्यातही दक्षिणेकडच्या मुलांजे जिल्ह्याविषयी लिहिते, कारण 2015 पासून मी तिथेच राहते. माझे माहेर अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. माझे पती हातपंपांच्या दुरुस्तीचे काम पाहतात आणि मी इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, स्त्रियांबरोबर काम करते.

सुवार्ता कधीच न ऐकलेली माणसे इथे भेटतील, या कल्पनेने कोणी येऊ नये. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी 1875 मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅकलिअर येथे लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केले, जे पुढे उत्तरेत गेले, आणि 1876 मध्ये दक्षिणेत ब्लँटायर येथे काम सुरू केले, आणि 2018 च्या जनगणनेनुसार देशातले सुमारे 77 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. मंडळीतल्या स्त्रियांचे संघ जुने, शिस्तीचे आणि पूर्णपणे त्यांचे स्वतःचे आहेत. उत्तरेत त्याला उमन्यानो म्हणतात, मध्य भागात चिग्विरिझानो आणि आमच्या दक्षिणेत म्वानो. त्यामुळे स्त्रियांमधले काम आपण जाऊन सुरू करायचे नसते. चालू असलेल्या कामात त्या आपल्याला जागा करून देतात, आणि ती जागा मिळण्यासाठी मला जवळजवळ तीन वर्षे लागली.

दिवस पहाटे साडेचारला खराट्याच्या आवाजाने सुरू होतो. अंगण झाडून झाल्याशिवाय इथे कोणत्याही घराची सकाळ झाली असे मानत नाहीत. पाणी हातपंपावरून आणावे लागते. त्याला इथे म्जिगो म्हणतात, आणि गावातली अर्धी बातमी त्या रांगेतच कळते. वीज आहे, पण तिच्या भरवशावर स्वयंपाक करता येत नाही, म्हणून कोळशाची शेगडी, म्हणजे म्बाउला, रोज पेटते. दुपारचे जेवण न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्याबरोबर भोपळ्याच्या पानांची भाजी किंवा उसिपा नावाचे सुके बारीक मासे. जून-जुलैमध्ये मोझांबिककडून चिपेरोनी नावाचा गार, भुरभुर पावसाचा वारा येतो, मुलांजेचा 3,002 मीटर उंचीचा डोंगर आठवडा-आठवडा दिसत नाही आणि धुतलेले कपडे वाळत नाहीत. कुणी आले की दाराबाहेरून ‘ओडी!’ अशी हाक येते. आत बोलावून घ्यायचे, चटई अंथरायची, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, हे सावकाश विचारायचे आणि मगच कामाचे बोलायचे. दिवसातून असे आठ-दहा वेळा होते. सुरुवातीला मला वाटे की माझा दिवस यात वाया जातो. आता मी हेच मुख्य काम समजते.

पहिल्या वर्षी मात्र मी हे समजून न घेता मोठी चूक केली. एका संस्थेने दिलेली शिवणयंत्रे घेऊन मी बारा स्त्रियांचा शिवणवर्ग काढला. शिवण त्या उत्तम शिकल्या, पण कपडे विकले गेले नाहीत. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे, ज्यांना इथे काउन्जिका म्हणतात, आठवडी बाजारात इतके स्वस्त मिळतात की आमचा फ्रॉक कापडाच्या किमतीतही त्यांच्यापुढे टिकत नव्हता. ही गोष्ट त्या बाराही जणींना आधीपासून ठाऊक होती. त्यांनी सांगितली नाही, कारण मी विचारलीच नव्हती, आणि पाहुणीचे मन मोडणे इथे असभ्य मानतात. त्या वर्षी दोघींनी सुतासाठी घेतलेले कर्ज त्यांना शेंगदाणे विकून फेडावे लागले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

पैशाचा प्रश्न त्या स्वतः ज्या रीतीने सोडवतात ती मी नंतर पाहिली. तिचे नाव बँकी म्खोंदे, म्हणजे ओसरीवरची बँक. वीस-पंचवीस स्त्रिया दर आठवड्याला ठरलेल्या रकमेचे हिस्से घेतात, पैसे लोखंडी पेटीत जातात, पेटीला तीन कुलपे असतात आणि तीन किल्ल्या तीन घरांत. त्यातूनच एकमेकींना कर्ज मिळते, आणि आजारपण व मयतीसाठी वेगळी शिल्लक ठेवलेली असते. आपल्याकडच्या बचत गटाशी याचे साम्य आहे, पण आपला गट पुढे बँकेच्या कर्जाशी जोडला जातो, तर इथे वर्षअखेरीस पेटी पूर्ण रिकामी करून व्याजासह वाटून टाकतात. हे वाटप शक्यतो पेरणीच्या आधी करतात, म्हणजे खत घेता येते. नोव्हेंबर 2023 मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने क्वाचा या चलनाचे 44 टक्क्यांनी अवमूल्यन केले, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका गटाने वाटप तीन आठवडे आधीच करून खत घरात आणून ठेवले होते. हा निर्णय घेणाऱ्या खजिनदारबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या गटात माझे काम वही तपासण्याचे आहे, त्याहून अधिक नाही.

गुरुवारी दुपारी म्वानोची सभा असते. गणवेशातल्या स्त्रिया गात येतात आणि चटयांवर बसतात. मग चिचेवा भाषेतले वचन वाचून त्यावर बोलणे होते. एकदा बायबलमधल्या रूथची गोष्ट होती. आपल्याकडे रूथ म्हणजे सासूला न सोडणारी आदर्श सून, आणि मी लहानपणापासून ऐकत आले तेच सांगायला सुरुवात केली. एक आजी, इथे त्यांना आगोगो म्हणतात, मध्येच म्हणाल्या, “पण ही मुलगी स्वतःच्या आईची जमीन सोडून का निघाली?” मला एकदम उमगले की या भागात जमीन आईकडून मुलीला मिळते, लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो आणि त्या पद्धतीला चिकाम्विनी असे नाव आहे. सासरी जाणे हाच ज्या गोष्टीचा गृहीत पाया, तो त्यांच्या दृष्टीने मुळात नवलाचा होता. त्या दिवशी चर्चा दोन तास चालली. रूथने काय काय सोडले हे मला त्या स्त्रियांमुळे प्रथमच नीट कळले, आणि बवाज या जमीनदाराच्या शेतात परक्या स्त्रीने सरवा वेचणे म्हणजे काय, तेही. पुढे येशूने सांगितलेला हरवलेल्या नाण्याचा दाखला आला, तेव्हा मी काही समजावण्याआधीच समोरच्या बाईने कमरेच्या चितेंजेची गाठ सोडून आतली चुरगळलेली नोट दाखवली आणि पुन्हा घट्ट बांधली. चितेंजे म्हणजे सुमारे दोन मीटरचे छापील कापड. त्यातच मूल पाठीवर बांधतात, त्यातच पीठ आणतात आणि पैसेही त्याच्याच कोपऱ्यात राहतात.

म्वानोचे खरे बळ मात्र सभेत नव्हे, मलिरोमध्ये, म्हणजे मयतीच्या घरी दिसते. निरोप येताच प्रत्येक घरातून ताटलीभर पीठ आणि लाकडाचा एखादा ओंडका निघतो. पुरुष बाहेर झाडाखाली बसतात, आणि स्त्रिया आत, देहाजवळ, जमिनीवर, पाय लांब करून, रात्रभर. कुणी भाषण करत नाही. गाणी होतात, मग शांतता, मग पुन्हा गाणी. नवरा गेलेल्या बाईच्या बाबतीत या बसण्याला आणखी एक अर्थ असतो. जमीन तिचीच असली तरी भांडी, सायकल, छपराचे पत्रे असे सामान नवऱ्याचे नातेवाईक उचलून नेण्याचे प्रकार घडत आले आहेत. 2011 च्या वारसा कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे, पण कायद्याचे पुस्तक गावात पोहोचायला वेळ लागतो आणि म्वानोच्या वीस स्त्रिया त्याच संध्याकाळी पोहोचलेल्या असतात. त्या दाराशी बसलेल्या असताना सायकल बाहेर नेण्याचे धाडस मी कुणाला करताना पाहिलेले नाही. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने डोंगरावरून दगडमातीचे लोट आणले आणि देशभरात सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या आठवड्यात आम्ही एका घरून उठून थेट दुसऱ्या घरी जात होतो. कोणाला काय बोलावे हे मला सुचत नव्हते. ‘पेपानी’ एवढा एकच शब्द मी वापरला, आणि तोच सगळ्या जणी वापरत होत्या.

एक गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. एचआयव्हीबाधित प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभर औषध देण्याचे धोरण मलावीने 2011 मध्ये स्वीकारले, आणि असे करणारा हा पहिला देश होता. गोळ्या मोफत मिळतात, पण त्या घरात कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरतो. आमच्या सभेनंतर मागे रेंगाळणाऱ्या स्त्रीला बहुधा तेच बोलायचे असते. अशा वेळी कानावर आलेली गोष्ट पतीलाही सांगू नये, प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा नाही.

आपण मराठी आहात म्हणून आणखी एक सांगते. याच शिरे उंचवट्याच्या प्रदेशात 1861 मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला चुमा नावाचा याओ जमातीचा मुलगा 1864 मध्ये स्कॉटिश मिशनरी व शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर मुंबईला आला, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला आणि पुढे परत आफ्रिकेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह पायी किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइटही. इथे मला पुष्कळ जण आधी ‘अम्वेन्ये’, म्हणजे भारतीय, दुकानवाली समजत, कारण ब्लँटायर-लिंबेमध्ये गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चुमाची गोष्ट सांगितली की लोकांच्या मनात माझ्या गावाला वेगळे स्थान मिळते.

तयारीविषयी विचाराल, तर पहिले सहा महिने चिचेवा भाषेखेरीज दुसरे कोणतेही काम स्वीकारू नका, आणि पाठवणाऱ्या मंडळीला तसे आधीच स्पष्ट सांगा. डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने असतात. नवा मका एप्रिलच्या सुमारास येतो, तोपर्यंत दारी येणाऱ्यांना काय द्यायचे आणि किती, हे पतीपत्नींनी मिळून, स्थानिक पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, विचारून ठरवा. त्यांना इथे मायी बुसा म्हणतात आणि त्यांच्यासारखी सल्लागार दुसरी मिळणार नाही. जमिनीवर तासन्‌तास बसण्याची सवय ठेवा. माझ्या पिशवीत घडी केलेला एक चितेंजे नेहमी असतो, कारण मलिरोचा निरोप बाजारात, बसमध्ये, कुठेही येतो, आणि कमरेला कापड गुंडाळलेले नसेल तर त्या खोलीत शिरता येत नाही.