ते मुद्दाम करतात का हो?

मी समुपदेशक आहे. एमएसए, म्हणजे मल्टिपल सिस्टीम ॲट्रॉफी हा मेंदूचा आजार, हे नाव घेऊन माझ्याकडे फार घरं येत नाहीत. आजारच दुर्मीळ, लाखात चार-पाच जणांना असणारा. पण जी येतात ती पहिल्या नाही तर दुसऱ्या भेटीत आवाज खाली आणून हाच प्रश्न विचारतात : 'ते मुद्दाम करतात का हो?' विचारणारी कधी बायको असते, कधी सून, एकदा तर जावई होता. मागोमाग सारवासारव येते, 'म्हणजे तसं नाही, पण...' त्या 'पण'च्या पुढचं कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी एकात घातल्या आहेत.

काकू सहकारनगरच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. काका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. रोज पहाटे पर्वती चढायची, १०३ पायऱ्या, मध्ये थांबायचं नाही, असा माणूस. साठी ओलांडली आणि अंग ताठरायला लागलं, पाऊल आखूड पडायला लागलं. पार्किन्सन्सचं निदान झालं, लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण म्हणावा तसा फरक पडेना. मग पडणं सुरू झालं, लघवीवर ताबा राहिना, आवाज बारीक आणि कापरा झाला. न्यूरॉलॉजिस्टनी पुन्हा एमआरआय काढून, सगळं जुळवून नवं नाव सांगितलं.

काकू एकट्याच आल्या होत्या. 'आमच्या सोसायटीत एक पार्किन्सन्सचे आहेत. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मित्रमंडळाच्या सभांना जातात, नाचाच्या वर्गाला जातात, माणूस हसता-खेळता आहे. आणि ह्यांना खुर्चीतून उठवायचं म्हणजे लढाई. मुलगा बंगळूरहून रोज सांगतो, बाबा, पॉझिटिव्ह राहा, चालत राहा. हे हो म्हणतात आणि आडवे होतात. ताई, पर्वती चढणारा माणूस हा. मनात आणलं तर दहा पावलं चालणार नाही?'

'आणि मनात आणत नाहीत, असं तुम्हाला वाटतं.'

'वाटतं. आणि मग मी ओरडते. आणि मग रात्री झोप लागत नाही.'

'प्रयत्नांती परमेश्वर' या एका वाक्यावर आपल्याकडच्या कित्येक घरांनी पोरं शिकवली, कर्जं फेडली. ते वाक्य वाईट नाही. पण या आजारात जे बिघडतं ते मुळात कधीच प्रयत्नांवर चालत नव्हतं. उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळणं, लघवी धरणं आणि सोडणं, घाम येणं, आतडी हलणं ही कामं आपण कधी मनावर घेऊन केलेलीच नाहीत. ती परस्पर व्हायची. एमएसएमध्ये नेमकी तीच यंत्रणा ढासळते, जोडीला हालचाल किंवा तोल. मेंदूत अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन साठत जातं. पार्किन्सन्समध्येही हेच प्रथिन असतं, पण तिथे ते चेतापेशींत साठतं आणि इथे मुख्यतः चेतातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशींत. म्हणून सोसायटीतल्या त्या गृहस्थांना गोळी आणि व्यायाम लागू पडतो आणि काकांना फारसा पडत नाही. दोघांचे आजार चुलत भाऊ म्हणावेत इतपतच एक. हा संसर्गाने येत नाही, सहसा आनुवंशिकही नसतो, आणि 'आधी लक्ष दिलं असतं तर' यातही तथ्य नाही, कारण तो रोखण्याचा उपाय आजही उपलब्ध नाही.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पटलं मात्र नव्हतं.

मी समुपदेशनाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिसने १९५०च्या दशकात मांडलेलं तिचं सूत्र साधं आहे : दुखवते ती नुसती घटना नाही, तिला आपण चिकटवलेला अर्थ दुखवतो. काका आडवे झाले ही घटना. 'माझी किंमत नाही म्हणून आडवे झाले' हा अर्थ. पण सूत्र सांगून कोणाचा अर्थ बदलत नाही, गणिताच्या बाईचा तर नाहीच. त्यांच्यापुढे पुरावाच यावा लागतो, आणि शक्यतो त्यांच्याच हातून.

काकांना जिना उतरवत नव्हता म्हणून पुढच्या भेटीला मी घरी गेले. न्यूरॉलॉजिस्टनी रक्तदाबाचा तक्ता ठेवायला सांगितलं होतं आणि काकूंनी तो ठेवलाही होता, चौकटी आखलेल्या वहीत, लाल-निळ्या पेनाने. फक्त प्रत्येक आकडा बसून घेतलेला. 'डॉक्टरांनी झोपून आणि उभं राहून असं सांगितलं होतं ना?' मी विचारलं. 'उभे कुठे राहतात ते,' काकू म्हणाल्या.

काका पाचेक मिनिटं दिवाणावर पडून राहिले. काकूंनी पट्टा बांधला. १५२/८६. काकांची देखभाल करायला ब्युरोतून येणारा मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या, असं धरून त्यांना उभं केलं. एका मिनिटाने ११६/७०. काकांचा चेहरा तसाच, कोरा. या आजारात चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात आणि घरच्यांना तो राग वाटतो. तिसऱ्या मिनिटाला यंत्र पुन्हा गुरगुरलं. ९४/५८. काकूंनी आकडा लिहिला आणि वजाबाकी केली, सवयीने, समासात. वरचा २० ने उतरला तरी डॉक्टर त्याला दोष मानतात. इथे ५८ होते.

'मान,' काका म्हणाले. पुढचा शब्द यायला वेळ लागला. 'मान आणि खांदे. ओढतात.'

बसवलं, आडवं केलं. थोड्या वेळाने मी विचारलं, 'आता?'

'गेलं.'

काकू वहीकडे बघत होत्या. 'मान दुखते, मान दुखते म्हणून रोज भुणभुण. मी बाम चोळते. बाम!' रक्तदाब कोसळला की मानेच्या नि खांद्यांच्या स्नायूंना रक्त पुरत नाही, म्हणून उभं राहिल्यावर तिथे ओढ लागते आणि आडवं झालं की जाते. काका आडवे होत होते कारण त्यांच्यापुरता तोच इलाज होता. पंप बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावरच्या माणसाला 'नळ जोरात फिरव' म्हणण्यात जेवढा अर्थ, तेवढाच 'मनात आणा' म्हणण्यात.

त्या दिवशी काकू रडल्या. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते काकांचं बोलणं. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, 'मलाही वाटायचं, मीच ढिला पडलो.' म्हणजे खटला दोघांनी मिळून चालवला होता आणि आरोपी एकच होता. आजारी माणूसही स्वतःला मुद्दाम करणाऱ्यांत धरतो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. बहुतेकांची स्मृती आणि समज बरीच शाबूत राहते, त्यामुळे बाजूच्या खोलीत बोललेलं सगळं कळतं. उत्तर द्यायला मात्र वेळ लागतो, आणि तोवर आपण पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो.

ती वही डॉक्टरांकडे गेली. जुनी बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू होती, ती त्यांनी बंद केली. आळणी जेवण बंद झालं, उभं राहण्याआधी दोन ग्लास पाणी, पोटाला पट्टा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, कारण सपाट झोपल्यावर हाच रक्तदाब उलटा चढतो. मीठ किंवा गोळी यातलं काही आपल्या मनाने करू नका, ते त्या-त्या माणसाच्या आकड्यांवर ठरतं. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढलं जातं, तेव्हा थोडं-थोडं खायला द्या आणि चालण्याचा आग्रह जेवणानंतर लगेच धरू नका. फिजिओथेरपी सोडायची नाही. बसून, आडवं पडूनही पुष्कळ होतं, आणि जिद्द तिथे लावावी. रात्री झोपेत श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज यायला लागला तर त्याला घोरणं समजून हसू नका. ते स्वरयंत्राचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना लगेच सांगा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही.

मग काकूंनी गणिती शंका काढली. 'म्हणजे सगळंच आजारावर ढकलायचं? हे टीव्हीचा रिमोट देत नाहीत, तोही आजार?'

नाही. तो स्वभाव, लग्नापासूनचा. माझी कसोटी अशी : तीच गोष्ट वेळेनुसार, स्थितीनुसार बदलते का? सकाळी जमत नाही पण संध्याकाळी जमते, उभ्याने नाही पण बसून जमते, तर आधी शरीराकडे बघा. माणसानुसार बदलत असेल, म्हणजे तुमच्यापुढे नाही पण मेव्हण्यापुढे छान जमत असेल, तर खुशाल भांडा. आजाऱ्याशी भांडण पूर्ण बंद करणं हाही त्याचा एक अपमानच आहे, असं माझं मत आहे. सगळ्यांना ते आवडत नाही.

लघवीचं भांडण मात्र त्यात बसत नाही. 'आत्ता तर विचारलं, तेव्हा नाही म्हणाले आणि दोन मिनिटांत कपडे ओले' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे! मूत्राशय घाईही करतं आणि पूर्ण रिकामंही होत नाही, दोन्ही एकाच वेळी. विचारलं तेव्हाचं 'नाही' खरं असतं. ठरावीक वेळाने भांडं देणं आणि आत किती लघवी उरते हे युरॉलॉजिस्टकडून तपासून घेणं, याने काकूंच्या घरातलं ओरडणं निम्म्यावर आलं. काकूंनी दुपारचे दोन तास ब्युरोच्या मुलावर सोपवून वाचनालयात जायला सुरुवात केली, तीही बऱ्याच हुज्जतीनंतर.

मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्याने 'पॉझिटिव्ह'चं पालुपद बंद केलं आणि विचारलं, 'किती वर्षं?' लक्षणं दिसू लागल्यापासून साधारण सहा ते दहा, काहींना अधिक. हे काकांसमोरच बोललो, त्यांना विचारून. आवाज जाण्याआधी काही गोष्टी काकांच्याच तोंडून ऐकायला हव्या होत्या. गिळता येईनासं झालं तर पोटात नळी घालायची का, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडायचं का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

गळ्याच्या छिद्राला काकांनी लगेच नकार दिला. नळीबद्दल त्यांचं आणि काकूंचं एकमत नाही. काकू म्हणतात घालायची, काका म्हणतात बघू. मुलगा दिवाळीला येणार आहे, तोवर कागद कच्चा ठेवला आहे, त्याच चौकटीच्या वहीत, शेवटच्या पानावर.