कोकणात हलकं विमान घेऊन पाहुणचाराला कुठे जावं?

तुमचा प्रश्न असा: देशावर राहून पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) पूर्ण केलंत, गाव देवगडजवळ आहे, आणि वडिलांना एकदा विमानातून गाव दाखवायचंय. इंग्लंडमध्ये लोक रविवारी विमान काढून शेजारच्या गवती धावपट्टीवर चहा प्यायला जातात, तसं कोकणात कुठे जाता येईल? आणि ओहोटीला किनाऱ्याची वाळू कडक होते, तिथे उतरलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. किनाऱ्यावर उतरू नका. परवानगीचा मुद्दा तर आहेच, पण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या वाळूत काय आहे हे हजार फुटांवरून कळत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला लोक उभे असतात, दोर पसरलेले असतात, पोरांचं क्रिकेट चालू असतं, गुरं बसलेली असतात. आणि कडक पट्टा संपून मऊ वाळू जिथे सुरू होते, तिथे पुढचं चाक रुतून विमान पालथं होतं. किनारा मनात ठेवायचा तो इंजिन बंद पडलं तर म्हणून. तेव्हा पाण्याला समांतर, ओल्या कडक पट्ट्यावर. त्यासाठी समुद्रावर किती आत जायचं याचंही भान हवं. सेस्ना 172 इंजिनाशिवाय दर हजार फुटांना साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं, तेही वारा समोरून नसेल तर. मी किनाऱ्याच्या आतल्या बाजूनेच उडतो, आणि तरीही लाइफ जॅकेट अंगात असतं.

आता मुख्य प्रश्न. मुंबई आणि गोव्याच्या मधल्या किनारपट्टीवर तुमच्या उपयोगाची ठिकाणं दोनच: रत्नागिरी आणि चिपी. जुहू आता बहुतेक हेलिकॉप्टरांचं झालंय, नवी मुंबई आणि मोपा हे मोठ्या विमानांचे विमानतळ, आणि दाबोळी म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा तळ. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. चिपी-परुळेचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, धावपट्टी अडीच हजार मीटरची. आपल्या विमानाला त्यातली पाव पुरते.

यातली एकही गवती नाही आणि कुठेही क्लबची पडवी नाही. पण इंग्लंडच्या त्या गवती धावपट्ट्यांवरही बहुतेक ठिकाणी आधी फोन करून परवानगी घेतल्याशिवाय उतरता येत नाही, हे चहाच्या फोटोंमध्ये दिसत नाही. तिथे मालक शेतकरी असतो, इथे तटरक्षक दल किंवा विमानतळ चालवणारी कंपनी. दोघांनाही न सांगता आलेला पाहुणा आवडत नाही. रत्नागिरीसाठी लेखी विनंती बरीच आधी पाठवा: विमानाची नोंदणी, वैमानिकाचा परवाना, कोण कोण बसणार, किती वाजता येणार, किती वेळ थांबणार. चिपीला प्रवासी विमानांच्या वेळेप्रमाणे कामकाजाची वेळ ठरते, म्हणून आदल्या दिवशीचा नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) वाचल्यावरही सकाळी फोन कराच. उतरण्याचे आणि उभं राहण्याचे पैसे किती, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. वडिलांचं ओळखपत्र सोबत हवं, कारण तिथे सुरक्षा तपासणी इतर प्रवाशांसारखीच होते. फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) क्रमांक हे तर तुम्हाला क्लबमध्ये शिकवलंच असेल.

मी पाहिलंय की फोनवर नीट बोललेला माणूस उतरला की हवा बदलते. एकदा मी विमान बांधत होतो, तेव्हा अग्निशमन गाडीवरचा एक वयस्कर माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आकाशाकडे बघत म्हणाला, "आता जावचा तर जावा, नायतर वारो सुटतलो." अकरा वाजले होते, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) पडलेला होता. मी चहा पीत बसलो. पाऊण तासात पश्चिमेचा वारा असा सुटला की बांधलेल्या विमानाचे पंख डुलायला लागले. तेव्हापासून कुठेही उतरलो की आधी तिथल्या माणसांना विचारतो, इथे वारा कधी फिरतो? हवामान खात्याच्या कागदावर हे नसतं, आणि विचारलं की माणसं आनंदाने सांगतात. तुम्हाला हवा असलेला पाहुणचार कोकणात असाच मिळतो.

जायचं कसं, याबद्दल माझा आवडता बेत सांगतो. नकाशावर कोल्हापूर, रत्नागिरी आणि चिपी जोडून बघा. तिन्ही बाजू जवळजवळ सारख्याच, साठ सागरी मैलांच्या आसपास. पूर्ण फेरी एकशेऐंशी मैलांची, म्हणजे शंभर नॉटने हवेतला वेळ दोन तासांच्या आत. सेस्ना 172 ची टाकी भरून निघालात की खाली कुठेही इंधन न घेता परत घाटावर येता, आणि हाती भरपूर राखीव उरतं. हे महत्त्वाचं आहे, कारण कोकणात अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) मिळेल असं धरून चालूच नये. 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला 100 एलएल नावाचं हे पेट्रोल बनवायला सुरुवात केली, त्याआधी ते बाहेरून यायचं. पण ते बनतं म्हणून तुम्ही उतराल तिथे त्याचं पिंप असेल असं नाही. रोटॅक्स 912 वाल्यांनो, तुम्हीही पंपावरच्या पेट्रोलच्या भरवशावर राहू नका. त्या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं येतं. शिवाय इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणाइतकी दमट हवा कुठे शोधणार?

कोल्हापूरहून निघताना घाटमाथा ओलांडायला साडेपाच हजार फूट ठेवा. कड्याला काटकोनात जाऊ नका, तिरपे जा, म्हणजे हवा खाली ओढायला लागली तर परत वळायला जागा राहते. हिवाळ्यात सकाळी पूर्वेचा वारा असतो. तो माथ्यावरून कोकणात कोसळतो आणि कड्याखाली चांगले धक्के देतो. तिथे उंची लवकर सोडण्याची घाई करू नका. खाली चिपळूण, संगमेश्वराच्या बाजूला दऱ्यांमध्ये धुकं साचलेलं असतं, सडे (जांभ्याची पठारं) मात्र त्यातून बेटांसारखे वर आलेले दिसतात. ते सुंदर असतं, पण धुक्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून मी नऊ वाजून जाईपर्यंत निघतच नाही.

किनाऱ्यावर आलात की खाड्या मोजा. रत्नागिरीहून दक्षिणेला भाट्ये, मग पूर्णगड, मग जैतापूर, मग विजयदुर्ग, मग तुमचं देवगड, आचरा, मालवणच्या अलीकडची कोळंब, आणि मग कर्ली. देवबागची चिंचोळी जिभेसारखी वाळू दिसली की पलीकडच्या सड्यावर चिपीची धावपट्टी असते. प्रत्येक खाडी ओलांडताना नाव मोठ्याने म्हणा आणि वेळ लिहा. हे मी जुनाट सवय म्हणून सांगत नाही. दहाएक वर्षांपूर्वी मार्चमध्ये उत्तरेकडून रत्नागिरीला येत होतो. उन्हाचं धुरकट झालेलं, समोर सगळं पांढरं, टॅबलेट तापून बंद पडलेला. एका मोठ्या खाडीचं मुख आलं. दक्षिण तीरावर किल्ला, त्याच्याजवळ वीजप्रकल्प, दीपगृह. मी जयगड समजलो आणि रेडिओवर तसं कळवूनही टाकलं. ती दाभोळची खाडी होती. तिथेही दक्षिण तीरावर अंजनवेलचा किल्ला आहे, वीजप्रकल्प आहे, दीपगृह आहे. म्हणजे माझं सांगितलेलं ठिकाण सतरा मैलांनी चुकलं होतं. त्या वेळी त्या भागात तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर उडत होतं आणि त्याचा वैमानिक मला भलतीकडे शोधत होता. खाडी मोजली असती, वेळ लिहिली असती, तर घड्याळानेच सांगितलं असतं की जयगड इतक्यात येत नाही. तुम्ही उत्तरेकडून कधी आलात तर खूण लक्षात ठेवा: अंजनवेलचा प्रकल्प गॅसवरचा, जयगडचा कोळशावरचा, त्याची धुराडी उंच आणि कोळशाचे ढीग वरून काळे दिसतात.

उतरण्याबद्दल. रत्नागिरी काय, चिपी काय, धावपट्ट्या जांभ्याच्या सड्यावर आहेत. सड्याला कडा असते आणि कडेखाली दरी. दुपारी समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुम्ही पूर्वेकडून फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला) येणार, आणि सड्यावरून वाहून आलेली ती हवा तुमच्या बाजूच्या कडेवरून खाली उतरत असणार. धावपट्टीच्या तोंडाशी विमान एकदम बसतं. त्यात खाली दरी दिसत असल्यामुळे आपण उंच आहोत असं वाटून माणूस आधीच पॉवर कमी करतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. म्हणून पाच नॉट जास्त ठेवा, धावपट्टीच्या पहिल्या टोकावर टेकण्याचा हट्ट सोडा आणि मनाला पटलं नाही तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. तापलेल्या कातळावर आलात की विमान उलट तरंगायला लागेल. चिपीला अडीच हजार मीटर आहेत, तरंगू द्या.

थांबलात की पिटॉटला (वेग मोजणाऱ्या नळीला) लगेच झाकण घाला, अर्धा तास थांबणार असलात तरी. कोकणात कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर बांधते. एका दुपारी मी जेवायला गेलो, झाकण पिशवीतच राहिलं. परतीच्या धावेत वेगाचा काटा हललाच नाही. धावपट्टी लांब होती म्हणून थांबलो. घरी परतलात की विमान गोड्या पाण्याने धुवा, बिजागऱ्या आणि केबलींच्या पुलींसकट. खाऱ्या हवेचा परिणाम आज दिसत नाही, वर्षभराने तपासणीत दिसतो.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर धुरकट, मेमध्ये दुपारी घाटावर वळवाचे ढग. पावसाळ्याचं नावच नको. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांनी सुरू केलेल्या त्या सेवेलाही पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली गेलं की पुण्याला उतरावं लागायचं.

पहिल्या फेरीला वडिलांना नेऊ नका. प्रशिक्षकाला सोबत घेऊन पूर्ण त्रिकोण एकदा करा, दोन्हीकडच्या माणसांना भेटा, तुमचं गाव कुठलं ते सांगा. दुसऱ्यांदा फोन कराल तेव्हा पलीकडचा आवाज ओळखीचा असेल. मग वडिलांना घेऊन जा, आणि आधी रत्नागिरी, मग चिपी, हीच दिशा ठेवा. ते उजवीकडे बसतील आणि दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. विजयदुर्ग ओलांडलात की पंधराशे फुटांवर वेग थोडा कमी करा. पवनचक्क्या आधी दिसतील, मग बंदर आणि किल्ला, मग दीपगृह. तिथे रेडिओवरचं बोलणं आधीच उरकून ठेवा, म्हणजे वडील काही बोलले तर तुम्हाला ऐकू येईल.