सोलापुरात चार फुटी कम्युनिटी टाकीत (अनेक जातींचे मासे एकत्र असलेल्या) कोणते आणि किती मासे ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर ४ × १.५ × २ फुटांची गोड्या पाण्याची टाकी करायची आहे. दुकानदार म्हणतो साठ-सत्तर मासे सहज बसतील. तुम्हाला एंजल, गोल्डफिश, टायगर बार्ब, शार्क आणि सकर एकत्र हवे आहेत.

साठ-सत्तर नकोत. तिसाच्या आत राहा. ते कोणते असावेत हे मे महिन्याकडे बघून ठरवा, कारण डिसेंबरात ज्या टाकीत सगळं छान चाललेलं असतं तीच एप्रिल-मेमध्ये कोसळते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासात. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहोत, म्हणजे त्याहून थोडा कमीच. शिवाय पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो. आवक घटते आणि गरज वाढते, ती नेमकी त्याच आठवड्यांत.

आधी वजन बघा. या मापात कडेपर्यंत ३४० लिटर पाणी बसतं. वरून दोन इंच मोकळे, खाली दोन इंच वाळू, लाकूड आणि दगड धरले तर प्रत्यक्षात २८० लिटर. दोन फूट उंचीला १२ मिमी काच आणि वर आडव्या पट्ट्या घ्या, १० मिमीवर पैसे वाचवू नका. पाणी, काच, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळून साडेचारशे किलोच्या आसपास जातं. टाकी खोलीच्या मधोमध नको, बीमवर किंवा भिंतीला लागून ठेवा. भाड्याचं किंवा जुनं बांधकाम असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. स्टँड लेव्हल बॉटलने तपासा, काचेखाली थर्माकोलची शीट घाला. पश्चिमेची भिंत टाळा. ती दुपारी तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

आता पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टाकीसाठी १०० लिटरचं झाकणाचं पिंप वेगळं ठेवा. पाणी सुटलं की ते भरून घ्या आणि एक दिवस एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरा: १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि १०० लिटरला त्यातलं १० मिली टाका. लिटरमागे १.४ मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरीन त्याने मरतं. इमारतीच्या हौदात ब्लीचिंग पावडर टाकली असेल त्या दिवशी दुप्पट टाका. आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट माशांत कधीच सोडू नका, ते हाताला चटका बसेल इतकं गरम असतं. पाणी पहाटे बदला.

बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, बहुतेक ठिकाणी ते जड म्हणजे क्षारांचं असतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर आणि पीएचची (आम्लता-अल्कतेची) थेंबांची किट घेऊन आधी मोजा, मग माशांची यादी करा. पीएच नुसता आवडीनिवडीचा भाग नाही. ३० अंश आणि पीएच ७ असताना माशांच्या घाणीतून येणाऱ्या एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला सुमारे साडेसात टक्के. म्हणजे तेवढीच घाण पीएच ८ च्या पाण्यात नऊपट घातक.

म्हणून मासे आणण्याआधी फिल्टर पिकवावाच लागतो, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवावे लागतात. ताशी १०००–१५०० लिटरचा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या (खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, भरल्यावर निम्मा होतो) आणि सोबत एअर पंपावर दोन मोठे स्पंज फिल्टर लावा. जिवाणूंना खाद्य म्हणून नवसागर लागतो, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. किराणातला कळकट खडा नको, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्या. २८० लिटरला पावणेदोन ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना मधे तयार होणारं विष) दोन्ही शून्य झाले की पुन्हा तेवढंच टाका. हे माप २४ तासांत पचून दोन्ही शून्यावर येऊ लागलं की फिल्टर तयार. तीन ते सहा आठवडे धरा. निरोगी, जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो. नंतर मोठं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट उतरवा, मग मासे.

तुमच्या यादीतून गोल्डफिश आधी काढा. त्याला थंड पाणी हवं आणि घाण तो सगळ्यांत जास्त करतो. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘शार्क’ बहुधा पंगॅशियस असतो आणि तो मीटरभर होतो. बाला शार्कही फूटभर वाढतो. साधा सकरही फूट-दीड फुटाचा होतो. मिस केरळ दिसायला देखणा, पण तो पश्चिम घाटातल्या थंड वाहत्या ओढ्यांचा मासा आहे आणि निसर्गात संकटात आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याला आणणं अन्यायच.

नळाचं किंवा आरओ मिसळलेलं मऊ पाणी असेल (पीएच साडेसातच्या आत) तर माझी निवड अशी: ४ एंजल, १५ रमी नोज टेट्रा, ८ स्टर्बाय कोरिडोरस (तळाशी फिरणारे मासे) आणि १ ब्रिसलनोज (लहान राहणारा सकर). चौघेही उबदार पाण्याचे. एकूण २८ मासे, आणि टाकी भरलेली दिसते, कारण रमी नोज थव्याने फिरतात. निऑन टाळा, त्याला इतकी उष्णता सोसत नाही आणि मोठा एंजल त्याला गिळतो. पाणी जड असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका: ८ बोसमनी रेनबो, ३ पर्ल गुरामी (एक नर, दोन माद्या), ८ मॉली आणि १ ब्रिसलनोज. मॉली सगळे नरच घ्या, नाहीतर चार महिन्यांत पिल्लांनी हिशोब मोडतो. कोरिडोरससाठी वाळू बारीक आणि गुळगुळीत हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात.

मासे एकदम भरू नका. आधी कोरिडोरस आणि ब्रिसलनोज, मग रमी नोज, एंजल शेवटी, कारण आधी आलेला एंजल टाकीवर हक्क सांगतो. दर खेपेला नवे मासे तीन-चार आठवडे साठ लिटरच्या टबमध्ये वेगळे ठेवा. पांढरे ठिपके तिथेच दिसले तर औषध तिथेच होतं, मोठी टाकी वाचते. आपल्याकडचे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून येतात. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण पाण्याचा पीएचही उतरलेला असल्याने तो सुप्त राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि विष जागं होतं. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, उघडल्यावर रेंगाळू नका, मासे जाळीने उचलून सोडा आणि ते पाणी मोरीत ओता. खरेदी ऑक्टोबर ते फेब्रुवारी करा.

उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नका. एक लिटरची गोठवलेली बाटली २८० लिटरला अर्धा अंशही उतरवत नाही. बाष्पीभवन मात्र जबरदस्त काम करतं: एक लिटर पाणी उडालं की इतक्याच पाण्यातून दोन अंशांएवढी उष्णता निघून जाते. काचेचं झाकण काढा, बारीक जाळी बसवा, पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावा. आपली हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा दोन-चार अंश खाली राहतं. उडालेलं पाणी आरओने भरा. क्षार उडत नाहीत, नळाचं पाणी ओतत राहिलं तर टीडीएस चढत जातो. दिवे दुपारी बंद ठेवा, संध्याकाळी लावा. खाणं निम्मं करा. हिवाळ्यात उलट: रात्री गारठतात, ३०० वॅटचा हीटर २६ वर ठेवा.

दर आठवड्याला ७० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ पाच बादल्या बदला. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडं जोमाने वाढतात. एखाद्या आठवड्यात नळ आलाच नाही तर २८ माशांची टाकी तग धरते, सत्तरांची धरत नाही.

वीज गेल्यावर कॅनिस्टरपेक्षा एअर पंप महत्त्वाचा. तो जेमतेम पाच वॅट खातो, त्याला इन्व्हर्टरवर घ्या. चार-पाच तास बंद पडलेल्या कॅनिस्टरमधलं पाणी कुजलेलं असतं, ते थेट टाकीत जाऊ देऊ नका. आतलं पाणी ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग चालू करा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर औषध शोधत बसू नका. एअर पंप पूर्ण जोरात सोडा, पिंपातलं साठवलेलं पाणी वापरून चौथा हिस्सा पाणी बदला, दिवसभर खाणं बंद ठेवा आणि अमोनिया मोजा. अमोनिया शून्य असेल तर ती उष्णता आहे, पंखा रात्रीही चालू ठेवा. अमोनिया दिसला तर मेलेला मासा किंवा कुजलेलं खाणं लाकडामागे शोधा.