इंजिनचं काम निघालंय: बांधायचं की आयतं आणायचं?

प्रश्न: माझी 2004 ची मारुती 800 आहे. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. एक मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवून बोअर करू (सिलिंडर आतून कापून मोठे करू). दुसरा म्हणतो जुनं इंजिन आणून दोन दिवसांत बसवून देतो. कुणाचं ऐकू? (सांगली)

तूर्तास कुणाचंच नाही. सुरू करतानाच धूर आणि मग साफ, हे लक्षण बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचं. रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीच्या गाइडमधून झिरपतं आणि सकाळी जळतं. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, बघायला सांगा. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला, ढिम्म हलला नाही तर व्हॉल्व्ह. एवढंसं काम, पण ते न करताच पाने हातात घेणारे फार.

रिंगाच गेल्या असतील तर मी बांधण्याच्या बाजूचा. साधं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, हात बसलेले मिस्त्री गावोगाव आहेत. शिवाय 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्येच थांबलं. म्हणजे बाजारातलं ‘चांगलं’ इंजिनही तुमच्या गाडीसारखंच म्हातारं, फक्त त्याचं दुखणं तुम्हाला माहीत नाही.

प्रश्न: स्विफ्ट डिझेलचा क्रँक (पिस्टनच्या रेट्यानं फिरणारा मुख्य दांडा) गेला. कुर्ल्यात जुनं इंजिन मिळतंय. घेऊ का? (ठाणे)

डिझेलमध्ये माझं मत थोडं बदलतं. 1248 सीसीच्या या इंजिनात टर्बो आहे, कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल फवारणारी यंत्रणा) आहे. बेअरिंग गेलं की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो, टर्बोतही जातो. नुसता क्रँक घासून भागत नाही. मिळालं तर हाफ इंजिन बघा: ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन बसवलेले येतात, वर हेड तुमचं. ऑइल कूलर आणि टर्बोच्या नळ्या मात्र धुऊन किंवा बदलूनच जोडा.

जुनंच घ्यायचं असेल तर समोर चालवून दाखवायला सांगा. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर पाणी शिरत असू शकतं. चालू इंजिनचं तेच ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका वाफा आल्या तर रिंगा संपल्या. आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर भाव न विचारता परत फिरा. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे पक्कं बिल घ्या, आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या जिप्सीचं इंजिन स्वतः घरी बांधायचंय. बोअरिंग बाहेरून करून घेईन. जमेल का? (कोल्हापूर)

जमेल, आणि मशीन शॉपचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना नाही म्हणणं पाप. पण पिस्टन आधी आणू नका. बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मापायचा. बोअर सगळ्यात जास्त झिजतो तो वर, रिंगा जिथून परत फिरतात तिथे. तिथं नखाला कंगोरा लागतो. मापावरून ओव्हरसाइज (पिस्टन मूळ मापापेक्षा किती मोठा हवा ते) ठरवा, पिस्टन आणा आणि मगच तो हातात घेऊन लेथवाल्याकडे जा. तो पिस्टन मापूनच बोअर करेल.

खोलताना रॉडच्या कॅपांवर खुणा करा. कुठली कॅप, कुठली बाजू. अदलाबदल झाली की क्रँक जड फिरतो. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजनं (फट मापायच्या पातळ पात्यांनी) बघा. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हा जुना ठोकताळा. पक्कं माप मॅन्युअलमध्ये. बेअरिंगवर प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणारा मऊ धागा) तुकडा ठेवून कॅप टॉर्क रेंचनं आवळा, क्रँक न फिरवता परत सोडा. चपटलेल्या पट्टीची रुंदी सांगते फट किती.

आणि धुणं! माझं पहिलं इंजिन जेमतेम चाळीस किलोमीटर चाललं. मशीन शॉपवाल्यानं ‘धुऊन दिलंय’ म्हटलं, मी मान डोलावली. ऑइलच्या वाटेत बोअरिंगचा कीस राहिला होता. तेव्हापासून ब्लॉक घरी आल्यावर ऑइलच्या वाटांची सगळी बुचं काढतो, लांब ब्रश घालतो आणि साबणाच्या गरम पाण्यानं बादल्या उपसतो. बायको म्हणते, लेकराला कधी इतकं घासलं नाहीस. वाळवून लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज.

प्रश्न: इथे 1979 ची शेवरले कॅमेरो घेतलीय. मूळ 350 (क्युबिक इंचांचं इंजिन) बांधू की क्रेट इंजिन घेऊ? भारतातले मित्र बांध म्हणतात. (मिशिगन)

मित्रांचं गणित इथल्या मजुरीवरचं आहे. तुमच्याकडे मशीन शॉपचे तास महाग आणि खोक्यातून येणारं तयार इंजिन वॉरंटीसकट. नुसती गाडी चालवायची असेल तर क्रेट घ्या. मात्र एक मेख आहे: 1986 पासून या इंजिनच्या क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांऐवजी अखंड झालं आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाचं जड चाक) बोल्टांचं वर्तुळ लहान झालं. क्रेट त्या रचनेचं असेल तर तुमच्या गाडीचं फ्लायव्हील त्याला बसणार नाही, ऑर्डर देण्याआधी विचारा.

तेच इंजिन 383 क्युबिक इंच करायचं डोक्यात असेल (बोअर 30 थाऊ वाढवून, 3.75 इंच स्ट्रोकचा क्रँक घालून) तर बांधण्यात गंमत आहे. पैसे वाचतील म्हणून मात्र बांधू नका. आणि ब्लॉकवरचे नंबर गाडीशी जुळत असतील तर तो भंगारात देऊ नका, तेल लावून कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न: आमची कॉलेजची टीम फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीसाठी स्वतःचं इंजिन ओतून बनवायचं म्हणते. (पुणे)

पोरांनो, नका. नियमात 710 सीसीपर्यंत मुभा आहे, पण पेट्रोलवर सगळी हवा 20 मिमीच्या भोकातूनच घ्यावी लागते. 373 सीसीचं केटीएमचं इंजिन तुमच्या शेजारी चाकणलाच बनत आलंय, कितीतरी टीमनी तेच वापरलंय. ते आणा आणि डोकं इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यूनिंगवर चालवा. ओतकाम शिकायचंच असेल तर इनटेकचा प्लेनम (हवा साठवणारी पेटी) ओता. तो फुटला तर निदान रॉड पायावर येणार नाही.